दारावरून ओळखलेले घर

इतिहास म्हटला की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने गड उभा राहतो. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे छप्पन्न दिवस लढवला, ही हकीकत आमच्या शाळेतल्या लहानग्यांनाही तोंडपाठ असते. बाहेर दिवस वाईट आले म्हणजे दारे लावून आत बसावे, आणि वेळ येताच दिंडी उघडून बाहेर पडावे, ही गडाची रीत. पण ही रीत माणसाने काढली असे कोणी समजू नये. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षे समुद्रातल्या एका अतिसूक्ष्म जिवाने ती अंगीकारली होती. त्याने बांधलेले गड आजही दगडांत सापडतात. ते कोणाचे, हे ओळखायला मात्र जगातल्या विद्वानांना सव्वाशे वर्षे लागली. ती कथा दिवाळीच्या फराळासोबत ऐकण्याजोगी आहे.

या जिवाचे नाव डायनोफ्लॅजेलेट. नाव अवघड आहे खरे, पण अर्थ सोपा: गरगर फिरणारा, चाबूकवाला. एका मिलिमीटरचे हजार भाग कल्पावे. त्यांतले वीस ते दीडशे भाग एवढीच याच्या गडाची रुंदी. जीव एकाच पेशीचा, पण थाट सरदाराचा. पुष्कळ जातींच्या अंगावर तुकड्यातुकड्यांचे चिलखत असते. कमरेभोवती एक खाच, तिच्यात एक चाबूक. खाली उतरणारी दुसरी खाच, तिच्यात दुसरा. या दोन चाबकांच्या जोरावर स्वारी भोवऱ्यासारखी फिरत पाण्यातून पुढे जाते.

दिवस पालटले, पाण्यातले अन्न सरत आले, की यांच्यापैकी काही जाती आणखी एक युक्ती करतात. बहुधा दोन पेशींचे मीलन होते, आणि नवी पेशी चिलखताच्या आत एक चिवट कोश विणते. चिलखत गळून पडते, कोश तळच्या गाळात जाऊन निजतो. चांगले दिवस आले की कोशाला एक लहानसे झाकण उघडते, जीव बाहेर पडतो आणि रिकामे घर मागे राहते. चिलखत कुजून जाते. कोश सहसा कुजत नाही. म्हणूनच दगडात जे सापडते ते शरीर नव्हे, चिलखतही नव्हे. ते टाकून दिलेले घर आहे.

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण भागातल्या काळ्या दगडात ही घरे शोधू नयेत. तो दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हारस. समुद्राच्या गाळाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी घाट उतरून मुंबईच्या किनाऱ्याकडेच गेले पाहिजे. तिथे गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात एक डॉक्टर राहत होते, हेन्री जॉन कार्टर. इंग्रज सरकारच्या नोकरीतले हे शल्यवैद्य दवाखान्याबाहेरच्या वेळात मुंबई बेटाचे दगड तपासत आणि पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरत. मुंबईचा समुद्र मधूनच लाल होतो, तो का, असा प्रश्न त्यांनी घेतला आणि १८५८ साली उत्तर छापले. ही लाली रक्ताची नव्हे, मातीची नव्हे. पेरिडिनियम वर्गातल्या सूक्ष्म जिवांची आहे, असे त्यांनी दाखवले. त्यांनी आणखीही एक गोष्ट टिपली. हा हिंडता जीव पुढे आपली चाल सोडतो, स्थिर होतो आणि हिरव्याचा लाल होतो. हिंडणारा आणि निजणारा असे दोन अवतार एकाच जिवाचे, ही किल्ली मुंबईत एका माणसाच्या हाती आली होती.

पण ही किल्ली ज्या कुलपाची, ते कुलूप होते दूर बर्लिनला. ख्रिश्चन गॉटफ्रीड एहरेनबर्ग या जर्मन पंडिताने १८३६ साली गारगोटीच्या जातीचा चकमकीचा दगड घेतला, त्याच्या पातळ चकत्या उजेडाला धरल्या, आणि आत त्याला इवल्या आकृत्या दिसल्या. काहींवर चिलखताच्या खुणा स्पष्ट होत्या. त्यांना त्याने पेरिडिनियमच म्हटले, आणि ते बरोबर होते. बाकीच्या मात्र चकलीसारख्या काटेरी गोळ्या. तसले काटे गोड्या पाण्यातल्या झँथिडियम नावाच्या हिरव्या शेवाळाला असतात, म्हणून त्याने या गोळ्यांनाही तेच नाव दिले. काटे पाहिले आणि कूळ ठरवले! पुढे १८५० साली इंग्लंडच्या गिडियन मँटेल यांनी स्पिनिफेराइटीस, म्हणजे काटे धारण करणारे, असे वेगळे नाव सुचवले. १९३३ साली ओटो व्हेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फीअर, म्हणजे साळिंदर-गोळा, हा शब्द आणला. नाव बदलले, नजर काट्यांवरच राहिली. हे साळिंदर प्राणी की वनस्पती, अंडे की बीज, यावर वाद झडत राहिले.

हा गुंता सोडवला विल्यम एव्हिट या अमेरिकन संशोधकाने, आणि तोही तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९६१ साली त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्याने काय केले? काट्यांवरची नजर काढून दाराकडे वळवली. या गोळ्यांना एक भोक असते. इतके दिवस ते फुटके-तुटके समजून सोडून दिले जात होते. एव्हिटला दिसले की एका जातीच्या हजारो कोशांत ते भोक त्याच जागी, त्याच आकाराचे असते. आपोआप फुटलेली भिंत अशी शिस्तीने फुटत नाही. वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी जशी मापात कापलेली असते, तसे हे दार. आणि त्याचे माप चिलखताच्या एका विशिष्ट तुकड्याशी, किंवा ठरावीक तुकड्यांच्या गटाशी, तंतोतंत जुळते! मग काटेही बोलू लागले. पुष्कळ गोळ्यांवर ते वाटेल तसे विखुरलेले नव्हते. चिलखताच्या तुकड्यांच्या मांडणीनुसार, कमरेच्या खाचेसह, ओळीने उभे होते. साळिंदर नाहीसे झाले, आणि त्याच्या जागी डायनोफ्लॅजेलेटचे घर उभे राहिले. १९६६ सालापासून डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी आजच्या समुद्राच्या गाळातले जिवंत कोश आणून प्रयोगशाळेत उबवले. त्यांतून हिंडते जीव बाहेर आले आणि राहिलेली शंकाही फिटली.

आज या कोशांची कुळे लावतात ती अशी. चिलखताचे तुकडे वरून खाली ओळीने मोजतात: शेंड्याची ओळ, कमरेच्या वरची, कमरेची, कमरेखालची आणि बुडाची. ही मोजदाद कॉफॉइड या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिली. मग दार कोणत्या ओळीत, ते पाहायचे. काही घराण्यांचे दार शेंड्यालाच असते, टोपी काढावी तसे. गोनिऑलॅक्स घराण्यात पुष्कळदा ते कमरेच्या वरच्या ओळीत, तर पेरिडिनियम घराण्यात बहुधा शेंडा आणि ती ओळ यांच्यामधल्या तुकड्यात. भिंतीही पाहतात: कोणाची भिंत चिलखताला लागून, कोणाची दुहेरी आणि मध्ये पोकळी असलेली, कोणाची काट्यांवर तोलून धरलेली. काटे टाकून दिले नाहीत. त्यांना दारानंतरची जागा मिळाली, इतकेच.

या निवाड्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट निराळीच आहे. ज्या गोळ्यांना दार नाही, तुकड्यांची खूण नाही, त्यांना एव्हिटने ओढूनताणून या कुळात घातले नाही. १९६३ साली त्याने त्यांच्यासाठी अ‍ॅक्रिटार्क, म्हणजे मूळ अनिश्चित असलेले, असा वेगळा कप्पा केला. पुरावा नाही तिथे खोटे गोत्र न लावणे, हे इतिहासकाराचे पहिले व्रत आहे.

आता कोणी गृहिणी विचारील, एवढ्या धुळीच्या कणाचा उपयोग काय? समुद्रतळाला छिद्र पाडताना दगडाचा चुरा होतो, मोठे शिंपले पिचतात. हे कण मात्र टिकतात. दगड तीव्र आम्लात विरघळवला तरी हे कोश शाबूत राहतात. कोणत्या जाती एकत्र आहेत यावरून थराचे वय कळते. शिवाय तळणीतली करंजी पिवळट, बदामी, तपकिरी होत जाते, तसे हे कोश जमिनीखालच्या उष्णतेने काळवंडतात. त्या रंगावरून थर तेल तयार होण्याइतका तापला होता का, हेही समजते. १९७४ साली सागर सम्राटने मुंबई हायचे तेल शोधले, तेव्हापासून आपल्या किनाऱ्यालाही या विद्येचे महत्त्व आहे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिथले शास्त्रज्ञ आजच्या गाळातले कोश तपासतात. कारण लाल लाटेचे बियाणे त्या गाळातच निजलेले असते, आणि काही जातींचे विष शिंपल्यांतून माणसाच्या ताटात येऊ शकते.

कार्टर यांची किल्ली मुंबईची, एहरेनबर्ग यांचे कुलूप बर्लिनचे. दोघे एकाच शतकातले, शिवाय पेरिडिनियम हे नावही कार्टर यांना एहरेनबर्ग यांच्याकडूनच मिळालेले. तरीही कुलूप उघडायला आणखी शंभर वर्षे गेली, कारण काटे सर्वांना दिसत होते आणि दाराकडे कोणी निरखून पाहिले नव्हते. दिवाळीत पोरे अंगणात किल्ला करतात तेव्हा बुरूज आणि तोफा आधी मांडतात, दरवाजा शेवटी. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: बाळांनो, दरवाजा नीट करा. पुढे कधी कोणी गड पाहायला आला, तर तो कोणाचा हे त्यावरूनच ओळखेल.