आरमार आणि अंदाजपत्रक

काटकसर हा गृहस्थाचा गुण आहे, तसाच तो राज्यकर्त्यांचाही आहे. परंतु घरांतील काटकसर चार भिंतींच्या आंत राहते. राज्याची काटकसर मात्र शत्रूही वाचीत असतो. हा भेद विसरल्यानें काय घडतें, याचें बोधप्रद उदाहरण इंग्लंडच्या अर्वाचीन इतिहासांत आहे. सन १९८१-८२ मधील तो प्रसंग आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

१९८१ च्या आरंभीं मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळांत जॉन नॉट यांजकडे संरक्षणखातें आलें. तिजोरीस ओढ होती आणि खर्चाच्या मुख्य बाबी चार होत्या : अमेरिकेकडून घ्यावयाचीं ट्रायडेंट क्षेपणास्त्रें, पश्चिम जर्मनींतील सुमारें ५५,००० सैन्य, स्वदेशाचें रक्षण आणि आरमार. पहिल्या तिन्हींस हात लावणें अवघड वाटलें. सबब कात्रीचा मोठा भाग आरमाराच्या वांट्यास आला. जूनमधील श्वेतपत्रिकेनें विनाशिका व फ्रिगेट यांची संख्या ५९ वरून सुमारें ५० वर आणण्याचें आणि विमानवाहू जहाजें दोनच ठेवण्याचें ठरविलें. चॅटमची जुनी गोदीही बंद व्हावयाची होती. या धोरणास उघड विरोध करणारे आरमाराचे उपमंत्री कीथ स्पीड यांस आधींच पदावरून दूर व्हावें लागलें होतें. फेब्रुवारी १९८२ मध्यें तर ‘इन्व्हिन्सिबल’ हें नवें विमानवाहू जहाज १७.५ कोटी पौंडांस ऑस्ट्रेलियास विकण्याचें जाहीर झालें.

नॉट यांस अविचारी म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. शत्रू सोविएट रशिया, रणांगण युरोप आणि उत्तर अटलांटिक. तेथें पाणबुड्या व किनाऱ्यावरील विमानें जें काम करतील, त्यासाठीं मोठीं जहाजें बाळगणें हें गतसाम्राज्याचें ओझें वाहण्यासारखेंच नव्हे काय, असा त्यांच्या पक्षाचा प्रश्न होता. आरमाराच्या पक्षाचें उत्तर असें कीं, पुढील लढाईचें स्थळ अंदाजपत्रक ठरवीत नसतें. आणि मोडलेलें आरमार पैसा ओतला तरी एका वर्षांत उभें राहत नाहीं. दोन्ही पक्षांत तथ्य होतें, आणि म्हणूनच तो वाद कठीण होता.

निकाल लागला तो एका लहानशा बाबीवरून. दक्षिण अटलांटिकांत फॉकलंड बेटांच्या बाजूस ‘एन्ड्युरन्स’ हें एक जहाज गस्त घाली. तें परत आणल्यानें वर्षाकांठीं सुमारें १९ लाख पौंड वांचणार होते. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनीं वारंवार विनविलें, परंतु व्यर्थ. आर्जेंटिनाच्या लष्करी राज्यकर्त्यांस या बचतींत निराळाच अर्थ दिसला : इंग्लंडास त्या बेटांचें अगत्य उरलेलें नाहीं! स्वदेशीं असंतोषानें घेरलेल्या त्या मंडळीनें २ एप्रिल १९८२ रोजीं बेटें घेतलीं.

त्याआधीं दोनच दिवस, ३१ मार्च रोजीं, नौसेनापती सर हेन्री लीच यांनीं मुख्य प्रधानांस सांगितलें कीं, काफिला पाठवितां येईल व पाठवावा. ५ एप्रिल रोजीं निवृत्तीच्या वाटेवरील ‘हर्मिस’ आणि विकावयास काढलेलें ‘इन्व्हिन्सिबल’ हीं दोन जहाजें एकंदर २० सी हॅरियर विमानें घेऊन ८,००० मैलांच्या मोहिमेस निघालीं. १४ जून रोजीं आर्जेंटिनाच्या सैन्यानें शरणागती पत्करली. तोंवर इंग्लंडचे २५५ आणि आर्जेंटिनाचे ६४९ लोक कामास आले होते. १९ लाख पौंडांच्या बचतीशेजारीं हे आंकडे ठेवले म्हणजे मन विषण्ण होतें.

यावरून प्रत्येक जहाज सदैव राखावें, असें आम्ही म्हणत नाहीं. रशियाविषयींचा नॉट यांचा युक्तिवाद या विजयानें खोटा ठरला, असेंही नाहीं. इंग्लंडास यश आलें त्यांत तारखांचा वांटा मोठा होता. शत्रूनें आणखी कांहीं काळ दम धरला असता, तर ‘हर्मिस’ निवृत्त झालें असतें आणि ‘इन्व्हिन्सिबल’ परक्या निशाणाखालीं गेलें असतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संरक्षणाचा आंकडा हा जमाखर्च असतो तसाच तो एक निरोपही असतो. खर्च कमी करावा. परंतु आपण काय सोडलें आणि काय सोडलेलें नाहीं, हें परक्यास निःसंशय कळेल असें करावें. १९८३ च्या फ्रँक्स समितीनेंही ‘एन्ड्युरन्स’ परत आणण्याची घोषणा करणें अनुचित ठरविलें.

‘हर्मिस’ची पुढील कथा आपणांस परकी नाहीं. १९८७ सालीं तें भारताच्या आरमारांत ‘विराट’ या नांवानें दाखल झालें आणि २०१७ सालीं मुंबईस त्याचें निशाण उतरलें. एका देशाच्या हिशेबांत जें जहाज १९८२ मध्येंच संपावयाचें होतें, तें दुसऱ्या देशाचा समुद्र पुढें तीस वर्षें राखीत राहिलें.