ईव्हलिनच्या पंचांगातील शेगडी

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात जॉन ईव्हलिन (१६२०–१७०६) हे नाव सॅम्युएल पेप्सच्या मागोमाग आणि बहुधा एका वाक्यापुरतेच येते. पेप्स दिलखुलास, ईव्हलिन सोवळा, असा शेरा मारून आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे पुढे सरकत आलो आहोत. वास्तविक ज्या दैनंदिनीमुळे आपण त्याला ओळखतो ती १८१८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने छापली गेली. हयातीत त्याची ख्याती होती ती झाडांविषयीच्या लेखनामुळे. वनवृक्षांवरील ‘सिल्वा’ हा त्याचा ग्रंथ १६६४ साली निघाला आणि त्याच्याच सोबतीने ‘कॅलेंडेरियम हॉर्टेन्स’ हे बागेचे पंचांग.

या पंचांगाची रचना महिनावार आहे. दिवस किती लांबीचा, फळबागेत काय करावे, फुलबागेत काय करावे, कोणते फूल ऐन भरात असेल. आपल्याकडच्या बारामासा काव्यात प्रत्येक महिना विरहाची नवी कळा घेऊन येतो, येथे तो नवे काम घेऊन येतो. सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सुमारास, धुके नसलेला कोरडा दिवस पाहून संत्री, लिंबे आणि इतर नाजूक झाडे कुंड्यांसह हरितगृहात हलवायची. थंडी कितपत चढली हे ओळखण्यासाठी आत एक पाण्याचे भांडे ठेवायचे. ते गोठले, की लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा धूर पूर्ण सरू द्यायचा आणि मग तो निखारा जमिनीच्या मधोमध केलेल्या खळग्यात ठेवायचा. हीच सर्वांत निर्धोक शेगडी, असा निर्वाळा ईव्हलिन देतो.

धूर सरू द्यावा, ही त्याची अट आम्हाला फार बोलकी वाटते. याच माणसाने १६६१ साली ‘फ्युमिफ्यूजियम’ लिहून लंडनवरील दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध राजाकडे दाद मागितली होती. दोष धुराचा, हे त्याच्या मनात पक्के होते. धूर गेला तरी बंद खोलीतला निखारा हवा बिघडवतच राहतो, हे ध्यानात यायला त्याला बराच काळ लागला. अर्थात यासाठी त्याला हसण्याचे कारण नाही. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून शंभरावर वर्षे होती.

मग १६८३–८४ चा हिवाळा आला. थेम्स नदी इतकी गोठली, की तिच्यावर दुकानांच्या रांगा लागल्या. एका मुद्रकाने तर बर्फावरच छापखाना थाटून हौशी लोकांना त्यांची नावे छापून दिली. थंडीमुळे धूर वर चढेना, श्वास घेणे कठीण झाले, अशी नोंद दैनंदिनीत आहे. त्या हिवाळ्यापुरते ईव्हलिनने लंडनमध्ये घर घेतले होते. त्यामुळे बागेचा पंचांगकर्ताच ऐन वेळी बागेपासून दूर होता. ४ फेब्रुवारी १६८४ रोजी तो डेटफर्डच्या सेज कोर्ट येथील आपली बाग पाहायला गेला. दुर्मिळ झाडे पार नष्ट झाली होती, संत्री व मर्टल आजारी, रोझमेरी आणि लॉरेल मेल्यागत. सायप्रस तेवढे तग धरतील असे दिसत होते.

एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्याने या हानीचा तपशील दिला. त्यात एक कासवही आहे. ते दर हिवाळ्यात स्वतःला पुरून घेई, म्हणून ईव्हलिन त्याला अर्धे वनस्पतीच समजे. त्या वर्षी द्राक्षवेलीचे मूळ आड आले, नेहमीच्या खोलीपर्यंत त्याला जाता आले नाही आणि ते मेले. झाडांच्या यादीत ही नोंद निःसंकोच बसवणारा लेखक ‘सोवळा’ खरा, पण रुक्ष म्हणता येणार नाही.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १६८५ मध्ये, चेल्सी येथील औषधविक्रेत्यांच्या बागेत त्याने हरितगृहाच्या जमिनीखालून उष्णता खेळवणारी भट्टी पाहिली. कडाक्याच्या थंडीतही तेथे दारे-खिडक्या उघड्या ठेवता येत. १६९१ साली पंचांगाची आठवी आवृत्ती निघाली, तिला ईव्हलिनने नव्या हरितगृहाचे वर्णन जोडले. त्यात भट्टी भिंतीबाहेर आहे. बाहेरची ताजी हवा भट्टीतून जाणाऱ्या नळ्यांत तापून आत येते आणि आतली शिळी हवा जमिनीखालच्या पाटाने भट्टीकडे ओढली जाते. पूर्वीच्या निर्धोक शेगडीचा पक्ष त्याने स्वतःच सोडला. या बदलामागे १६८४ चा हिवाळा होता, असे आमचे अनुमान आहे.

एक प्रश्न मात्र उरतो. पंचांगातील सारी क्रियापदे आज्ञार्थी आहेत, पण रात्री भांड्यातले पाणी गोठले की नाही हे पाहायला उठणारा कोण? सेज कोर्टच्या माळ्यासाठी ईव्हलिनने वेगळ्या सूचना लिहून ठेवल्या होत्या, त्या १९३२ साली छापल्या गेल्या. विद्यार्थ्यांनी त्या पंचांगाशेजारी ठेवून वाचाव्यात. मालकाने जगासाठी लिहिलेले आणि घरच्या नोकरासाठी लिहिलेले गद्य तेथे समोरासमोर येते.