श्वानविष्ठा निर्मूलन सेवा

श्वानविष्ठा निर्मूलन सेवा ही पाळीव कुत्र्यांची विष्ठा घराचे अंगण, हिरवळ किंवा निवासी संकुलाचे आवार यांतून ठरावीक दिवशी, मोबदला घेऊन उचलून नेणारी स्वच्छता सेवा होय. हा व्यवसाय प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीस वाढीस लागला. 'असोसिएशन ऑफ प्रोफेशनल ॲनिमल वेस्ट स्पेशालिस्ट्स' ही या व्यावसायिकांची संघटना आहे.

इतिहास

श्वानविष्ठा गोळा करण्याचा व्यवसाय जुना असला, तरी त्याचा मूळ हेतू स्वच्छता हा नव्हता. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये गरीब लोक रस्त्यांवरील विष्ठा वेचून बर्मंडसी भागातील चर्मोद्योगांना विकत. कातडे मऊ करण्याच्या प्रक्रियेत ती वापरली जाई. हेन्री मेह्यू यांनी लंडनमधील श्रमिकांविषयीच्या १८५१ च्या ग्रंथात या वेचकांचे वर्णन केले आहे. पुढे १९०७ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी या कामासाठी स्वादुपिंडातील विकरांवर आधारित पर्याय तयार केला आणि विष्ठेची गरज ओसरत गेली. आधुनिक सेवेत विष्ठेला किंमत नसते. ती हटविण्याचा मोबदला दिला जातो.

आरोग्यविषयक महत्त्व

कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या 'टॉक्सोकारा कॅनिस' या गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताज्या विष्ठेतील अंडी संसर्गक्षम नसतात. मातीत उब व ओलावा मिळाल्यास त्यांना साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ती अनेक महिने, प्रसंगी काही वर्षे टिकून राहतात. विष्ठा पावसाने विरून दिसेनाशी झाली, तरी अंडी मातीत उरतात. मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या हातांवाटे ती पोटात गेल्यास अळ्या यकृत, फुप्फुसे किंवा डोळ्यांपर्यंत पोहोचू शकतात व क्वचित दृष्टी अधू होते.

अंकुशकृमीच्या अळ्या त्याहून लवकर, अनुकूल हवामानात सुमारे आठवडाभरात, संसर्गक्षम होतात. त्या अनवाणी पायांच्या त्वचेत शिरून खाज सुटणारे नागमोडी वळ उठवतात. लस न दिलेल्या पिल्लांना पार्वो विषाणूचाही धोका असतो. त्यामुळे विष्ठा किती नियमितपणे उचलली जाते, याला महत्त्व आहे. पिल्लांना गोलकृमीचा संसर्ग जन्मापूर्वी आईकडूनही होत असल्याने, ही सेवा जंतनाशक औषधांना पर्याय ठरत नाही.

कार्यपद्धती

कर्मचारी बहुधा आठवड्यातून एकदा येतो. संपूर्ण आवार समांतर पट्ट्यांत चालून तपासले जाते आणि लांब दांड्याचे सुपडे व दंताळे यांच्या साहाय्याने विष्ठा पिशवीत भरली जाते. एका घरातील रोगजंतू दुसऱ्या घरी जाऊ नयेत म्हणून अवजारे व पादत्राणांचे तळ निर्जंतुक करणे आवश्यक असते. शुल्क कुत्र्यांची संख्या, आवाराचे क्षेत्रफळ व फेऱ्यांची संख्या यांवर ठरते. थंड प्रदेशांत बर्फ वितळल्यावर हिवाळ्यातील साचलेली विष्ठा उघडी पडत असल्याने वसंत ऋतूत मागणी वाढते.

विल्हेवाट

गोळा केलेली विष्ठा बहुतांशी घनकचऱ्यासोबत कचराभूमीत जाते. शेणाप्रमाणे तिचा थेट खत म्हणून वापर करता येत नाही. तिच्यातील नत्राच्या अतिरेकाने गवत करपते आणि कृमींची अंडी मातीत मिसळतात. योग्य तापमान राखून कंपोस्ट करता येते. परंतु ते खाद्यपिकांना घालू नये, असा सल्ला दिला जातो. आवारातच राहिलेली विष्ठा पावसाच्या पाण्यासोबत नाले व नद्यांत जाऊन जलप्रदूषण करते.

कायदे

न्यू यॉर्क शहरात १ ऑगस्ट १९७८ पासून सार्वजनिक जागेतील विष्ठा उचलणे कुत्र्याच्या मालकावर बंधनकारक झाले. पॅरिसमध्ये १९८० च्या दशकात महापालिकेनेच हे काम विशेष मोटारसायकलींद्वारे सुरू केले होते. २००४ मध्ये ते बंद करून दंडावर भर देण्यात आला. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींतही पाळीव प्राण्याने केलेली घाण न उचलणाऱ्या मालकास दंडाची तरतूद आहे. मुंबईत अनेक घरे सदनिका असल्याने कुत्र्यांना रस्त्यावर फिरविले जाते. त्यामुळे खाजगी अंगणापेक्षा सार्वजनिक जागेची स्वच्छता हाच तेथील मुख्य प्रश्न आहे.