स्मृतिभ्रंशाचे निदान : आधार दोघांनाही हवा

पिंपरी : कारखान्याच्या पाळ्यांवर आयुष्याची घडी बसविलेली उद्योगनगरीतील पिढी आता निवृत्त झाली आहे. कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी या लोहमार्गालगतच्या भागांत मुले नोकरीनिमित्त दूर आणि घरात वृद्ध पती-पत्नी दोघेच, हे चित्र नवे नाही. अशा घरात एकाला स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झाल्याचे निदान होते, तेव्हा औषधांची चिठ्ठी रुग्णाच्या नावाने निघते. जोडीदाराची विचारपूस मात्र क्वचितच होते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात नातलग रुग्णाच्या देखभालीसाठी दररोज सरासरी पाच तास देतात आणि त्यातील ७० टक्के भार स्त्रिया उचलतात.

जिवंतपणीचा वियोग

माणूस समोर असतो. पण त्याची ओळख, थट्टा, रुसवा हळूहळू हरपत जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी या दुःखाला 'संदिग्ध वियोग' असे नाव दिले. मृत्यूनंतर समाज सांत्वनाला येतो; या वियोगाला ना सुतक, ना सांत्वन. त्यातच चिडचिड झाली की, 'आपण कमी पडतो' ही अपराधी भावना मनात घर करते. ही भावना स्वाभाविक आहे, हे काळजीवाहकाला कोणीतरी सांगणे हाच पहिला आधार ठरतो.

गोव्याचा धडा

असा आधार परिणामकारक ठरतो, हे गोव्यात सिद्ध झाले आहे. डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षित गृह-सल्लागार घरी जाऊन आजाराची माहिती देत, रुग्णाच्या वागण्याला कसे सामोरे जावे हे सांगत आणि काळजीवाहकाचे म्हणणे ऐकून घेत. सहा महिन्यांत काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्रासही घटला.

घरात काय करावे?

* निदान दोघांना एकत्र बसवून, सोप्या शब्दांत समजावून घ्यावे. प्रारंभीच्या काळात रुग्णाला बरेच काही कळत असते. त्याला वगळून निर्णय घेऊ नयेत.
* 'आत्ताच तर सांगितले' असा वाद टाळावा. चूक दाखविण्यापेक्षा विषय बदलणे हिताचे.
* मृत्युपत्र व बँकेचे व्यवहार वेळीच मार्गी लावावेत. देणाऱ्याची मानसिक क्षमता संपल्यावर साधे मुखत्यारपत्र टिकत नाही.
* आठवड्यातून काही तास तरी मुलगा, सून, भावंडे वा शेजारी यांनी जबाबदारी घ्यावी. विश्रांती ही चैन नव्हे.
* झोप उडणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे काळजीवाहकात दिसल्यास त्यानेही उपचार घ्यावेत.

मदत कोठे?

महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय कासारवाडीपासून जवळच, संत तुकारामनगर येथे आहे. तेथील मानसोपचार विभागाकडे प्रथम चौकशी करता येईल. केंद्र शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांसाठी 'एल्डरलाइन'चा क्रमांक १४५६७ आहे.

या आजारावर आज तरी पूर्ण बरे करणारा उपाय नाही. मात्र सांभाळणारे माणूस खचले, तर रुग्णाचा उरलेला एकमेव आधारही जातो. म्हणूनच शेजारच्या घरी विचारपूस करताना 'आजोबा कसे आहेत?' यापाठोपाठ 'आजी, तुम्ही कशा आहात?' हेही आवर्जून विचारायला हवे.