सातमाळ्याच्या सरहद्दीवरील जमिनी

अमेरिकेने आपल्या सरहद्दीवरील जमिनी कशा वाटल्या, हे इंग्रजी इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊक असते. १७८५ च्या कायद्याने रानाचे ६४० एकरांचे चौकोन आखले गेले. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागली. त्या चौकोनांत आधी कोण नांदत होते, हे मोजणीच्या साखळीने विचारले नाही.

आमचे पाचोड ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्याच उत्तर कडेस, कन्नडकडील सातमाळ्याच्या डोंगरात, असाच एक कारभार घडला. त्याची मात्र आपणांस आठवण नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा हा डोंगर म्हणजे कंपनी व निजाम यांच्या मुलखांमधील कुंपण होते. घाटांची राखण करून गावांकडून हक्क घेणारे भिल्ल पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीने व १८०३-०४ च्या दुष्काळाने देशोधडीस लागले होते. नव्या सरकारने त्यांजवर फौजा धाडल्या. डोंगरी तापाने शिपाई हैराण झाले, बंड काही मिटेना.

तेव्हा १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण फिरविले. भिल्लांसाठी तीन एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेकडील एजन्सी कॅप्टन ओव्हन्स यांजकडे आली. (साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या प्रकरणामुळे आपणांस परिचित असलेले ते हेच ओव्हन्स!) मागील गुन्हे माफ करावे, पडीक जमीन द्यावी, बीबियाणे व बैल यांकरिता तगाई द्यावी, तंटे तोडावे, हे एजंटाचे काम. ज्यांस नांगर रुचला नाही, त्यांजकरिता आउट्रॅम यांनी त्याच वर्षी भिल्लांची पलटण उभारली.

अमेरिकेत जमीन परक्यास मिळाली, येथे ती मूळ रहिवाशासच मिळाली, हा भेद लहान नव्हे. तथापि हिला देणगी म्हणावयास आम्ही धजत नाही. घाटाच्या राखणीचा हक्क हे एक प्रकारचे वतनच होते. काही नाईकांस त्याबद्दल नक्त नेमणुका मिळाल्या हे खरे. पण सामान्य भिल्लाच्या पदरी आली ती डोंगराखालची पडीक जमीन, आणि तगाई तर फेडावयाचे कर्ज! पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने ब्रिटिश हद्दीतील रान राखीव होऊ लागले, तेव्हा ज्या रानात त्यांचे वाडवडील वावरले, तेथून लाकूड आणणे हाही गुन्हा ठरू लागला.

कन्नडहून चाळीसगावास उतरणाऱ्या घाटास आजही औट्रम घाट म्हणतात.