उरुळी कांचन : गावाच्या आधाराने रुजलेला निसर्गोपचार

पुणे-सोलापूर मार्गावर पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर असलेले उरुळी कांचन हे गाव निसर्गोपचार आश्रमामुळे देशभर ओळखले जाते. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेला हा आश्रम केवळ उपचारकेंद्र नाही. आरोग्य हा साऱ्या गावाने मिळून करावयाचा उद्योग आहे, या विचाराचा तो प्रयोग होता.

शहराऐवजी खेडे

निसर्गोपचाराविषयी गांधीजींना आफ्रिकेतील वास्तव्यापासूनच ओढ होती. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात त्यांनी आरोग्यावर गुजरातीत एक पुस्तिकाही लिहिली. पुण्यात डॉ. दिनशा मेहता निसर्गोपचाराचे रुग्णालय चालवीत. नोव्हेंबर १९४५ मध्ये गांधीजी, डॉ. मेहता आणि जहांगीर पटेल यांनी न्यास स्थापन करून या रुग्णालयाचा लाभ गरिबांना देण्याचे ठरविले. मात्र, खेड्यातील गरीब माणूस उपचारांसाठी शहरात येऊ शकणार नाही, हे गांधीजींच्या लवकरच ध्यानात आले. त्यामुळे मार्च १९४६ मध्ये त्यांनी उरुळीत मुक्काम करून स्वतः रुग्ण तपासले. सूर्यस्नान, कटिस्नान, घर्षणस्नान, दूध-ताक, फळांचा रस आणि रामनाम असे त्यांच्या उपचारांचे स्वरूप होते. जे खेड्यात मिळत नाही, ते खेडुताला सांगू नये, हे त्यामागील सूत्र होते.

मणिभाईंचा ध्यास

गांधीजी पुढील कार्यासाठी निघून गेले. आश्रम टिकला तो मागे राहिलेल्यांमुळे. सुरत जिल्ह्यातून आलेले तरुण विज्ञान पदवीधर मणिभाई देसाई यांनी उरुळीतच आयुष्य घालविण्याचा संकल्प केला आणि १९९३ मध्ये निधन होईपर्यंत तो पाळला. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांचाही आश्रमाला दीर्घकाळ आधार लाभला.

ज्या घरात दूध नाही, त्या घराला दुग्धाहार सांगून उपयोग नाही, हा अशा उपचारांतील खरा पेच होता. मणिभाईंनी गोशाळा, शेतीसुधारणा आणि शाळा यांकडे लक्ष वळविले, ते त्यामुळेच. याच कामातून १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. संकरित गोपैदाशीचे तिचे काम पुढे अनेक राज्यांत पोहोचले. या कार्याबद्दल १९८२ मध्ये मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

उपचार आणि मर्यादा

मातीच्या पट्ट्या, जलोपचार, बाष्पस्नान, मसाज, योगासने, उपवास व मिताहार यांवर येथे भर असतो. आहार-विहाराची शिस्त, व्यायाम आणि पुरेशी झोप यांचा वजन, रक्तदाब, पचन यांसारख्या तक्रारींत लाभ होऊ शकतो. मात्र क्षयरोग, कर्करोग किंवा हृदयविकारात वैद्यकीय उपचारांना हा पर्याय नव्हे. मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषधे थांबविणे किंवा उपवास करणे धोक्याचे ठरते. खुद्द गांधीजींवर जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

शहरांसाठी बोध

खेड्यातील गरिबांसाठी निघालेल्या या आश्रमाकडे आज शहरी लोकही मोठ्या संख्येने वळतात. परंतु आठ-दहा दिवस मिताहार करून घरी परतल्यावर जुनाच दिनक्रम सुरू झाला, तर लाभ फार काळ टिकत नाही. सवयी टिकतात त्या सोबतीमुळे. सोसायटीच्या गच्चीवर एकत्र योगासने, सकाळच्या फिरण्याचा गट, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नित्य विचारपूस, परिसराची स्वच्छता यांना फारसा खर्च लागत नाही. लागते ते सातत्य आणि जबाबदारी घेणारी दोन-चार माणसे. इमारती व उपकरणे यांच्या आधी माणसे जोडावी लागतात, हेच उरुळीच्या प्रयोगाचे सार आहे.