बांधवगड : लेणीं, वाघ व वाटाडे

गेल्या फाल्गुनांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मीं बांधवगडचें राष्ट्रीय उद्यान पाहिलें. त्याला वाघ पाहावयाचा होता, मला शिलालेख पाहावयाचे होते. त्याचा हेतु सिद्धीस गेला. माझा गेला नाहीं. तथापि जें दिसलें आणि जें दिसूं शकलें नाहीं, त्यावरून एक प्रश्न मनांत उभा राहिला. तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडावा, व त्यांच्या संग्रहांतील दप्तरांत त्याचें कांहीं उत्तर सांपडतें कीं काय हें विचारावें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

बांधवगड मध्य प्रदेशांत उमरिया जिल्ह्यांत आहे. गडाची टेकडी समुद्रसपाटीपासून ८११ मीटर उंच असून तिच्या आसमंतांत ताला नांवाचें गांव आहे. १९६८ सालीं रेवाचे महाराज मार्तंडसिंह यांच्या पुढाकारानें गडाभोंवतालचें १०५ चौरस किलोमीटर अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलें गेलें. पुढें त्याचा विस्तार झाला व १९९३ सालीं तें व्याघ्रप्रकल्पांत आलें. प्रवाशांसाठीं ताला, मगधी व खितौली असे तीन मुख्य विभाग आहेत. एका उघड्या वाहनांत सहा प्रवासी, एक चालक व वनखात्यानें नोंदलेला एक वाटाड्या. सकाळीं एक फेरी, दुपारीं एक. मार्ग ठरलेला, आणि वाटेंत खालीं उतरण्यास मनाई, असा तेथील शिरस्ता आहे.

या फेरीस ‘सफारी’ म्हणतात. शब्द परका वाटतो, परंतु तो आपल्या ओळखीचाच आहे. अरबी ‘सफर’ फारसीच्या द्वारें मराठींत आला आणि जलसफरीसारख्या शब्दांत येथेंच राहिला. तोच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलींत ‘सफारी’ झाला व युरोपीय शिकाऱ्यांच्या तोंडून जगभर गेला. घरचा शब्द आफ्रिकेचा फेरा घालून, बंदुकीची संगत करून व ती पुन्हा टाकून परत आला आहे.

आमचा वाटाड्या ताला गांवचाच, चाळिशीच्या आंतबाहेरचा. मला तो पहिल्यापासून ‘गुरुजी’ म्हणूं लागला. माझ्या विद्यार्थ्यानें आधींच सांगून ठेविलें असावें. सालवृक्षांच्या राईंत शिरतांच त्यानें वाहन थांबविण्यास सांगितलें, धुळींतील एक पाऊल दाखविलें आणि हें मादीचें, कारण नराचें पाऊल चौकोनी असतें व मादीचें लांबट, असें समजाविलें. पुढें चितळाचा एक तीक्ष्ण शब्द ऐकूं आला. त्यावर तो कांहीं वेळ निश्चल उभा राहिला, आणि मग बोट करून चालकास वळण्यास सांगितलें. चक्रधरा नांवाच्या गवताळ मैदानाच्या कडेला वाघीण निघाली. माझा विद्यार्थी कृतार्थ झाला. मला मात्र त्या वाटाड्याच्या स्तब्ध उभें राहण्यावरून एका पोथीची आठवण झाली.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत आली आणि शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली, ही गोष्ट पोथ्या जमविणाऱ्यांस सांगणें नको. तिच्या दुसऱ्या अधिकरणांतील भूमिच्छिद्रविधान नांवाच्या अध्यायांत दोन प्रकारचीं मृगवनें सांगितलीं आहेत. पहिलें राजाच्या विहारासाठीं. त्यास एकच दार, भोंवतीं खंदक, आंत गोड फळांचीं झाडें, आणि जीं हिंस्र जनावरें आंत ठेवावयाचीं तीं नखें व दांत मोडलेलीं. दुसरें वन सीमेवर किंवा जमिनीच्या सोयीप्रमाणें करावें, आणि तेथें सर्व पशु अतिथि मानावे. ‘सर्वातिथिमृग’ हा शब्द वाचतांना मीं अनेक वर्षें विद्यार्थ्यांस त्याचा समास सोडवून दाखविला. अर्थ मात्र ताल्याच्या दारांत उभें राहिल्यावर लागला. एक दार, बाहेर पहारा, ही व्यवस्था पहिल्या वनाची; आणि आंत नखेंदांत शाबूत असलेला अतिथि, ही दुसऱ्याची. आजच्या उद्यानांत दोहोंचें मिश्रण झालें आहे.

त्याच अध्यायांत हस्तिवनाचे रक्षक येतात. नागवनपालांनीं माहूत, पाशिक, सीमेवरचे रखवालदार, वनचरक इत्यादिकांस बरोबर घेऊन, हत्तीच्या मूत्रपुरीषानें अंगाचा वास झांकून आणि बिब्ब्याच्या फांद्यांआड लपून हिंडावें. निजण्याच्या जागा, पावलें, लीद व ढांसळलेले कांठ पाहून कळपांची गणति करावी, असें तेथें सांगितलें आहे. आमचा वाटाड्या या वनचरकाचाच वंशज म्हटला पाहिजे. बिब्ब्याची फांदी जाऊन अंगावर खाकी सदरा आला, एवढाच भेद.

जातां जातां एक अवांतर गोष्ट. या अरण्यांत २०१८ सालीं छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप आला व तेथेंच राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरांत त्यांतील दहा हत्ती कोदो धान्याचें उभें पीक खाऊन मेले. बुरशी लागलेल्या कोदोंत विष तयार झालें होतें, असें तपासांत निघालें. वृत्तपत्रांनीं हें नवल म्हणून छापलें. वस्तुतः कोद्रव माजवितो ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. जैन तत्त्वग्रंथांत धुण्यानें मदशक्ति अर्धवट गेलेल्या कोद्रवाचा दृष्टान्त दिला आहे, आणि दृष्टान्त हा नेहमीं सर्वांस ठाऊक असलेल्या वस्तूचाच देतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. बांधवगडाच्या परिसरांतील लेण्यांची पाहणी पुराणवस्तुखात्याचे निरंजनप्रसाद चक्रवर्ती यांनीं १९३८ सालीं केली, आणि तेथील ब्राह्मी लेख पुढें ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३१ व्या खंडांत प्रसिद्ध केले. भाषा संस्कृतमिश्र प्राकृत. राजांचीं नांवें वासिष्ठीपुत्र भीमसेन, कौत्सीपुत्र पोठसिरि, कौशिकीपुत्र भट्टदेव अशीं मातृनामांसह येतात. आमच्याकडील सातवाहनांच्या लेखांशीं परिचित असलेल्या वाचकास तीं घरचींच वाटतील. हे राजे कौशांबीच्या मघ घराण्याचे. लेखांतील वर्षें ५१ पासून ९० पर्यंत आहेत. शककाल धरल्यास ५१ वें वर्ष इ. स. १२९ ठरतें, कलचुरि संवत् धरल्यास तें इ. स. ३०० च्या सुमारास येतें. म. म. वा. वि. मिराशी यांनींहि या राजांच्या कालाचा विचार केला आहे. अक्षरांचें वळण कुषाणकालीन मथुरेच्या लेखांना जवळचें असल्यामुळें मला शककालाचा पक्ष ग्राह्य वाटतो.

परंतु कालापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट दात्यांची आहे. हीं लेणीं केवळ राजांनीं कोरविलेलीं नाहींत. त्यांत व्यापारी आहेत, आणि ते कौशांबी, मथुरा अशा दूरच्या नगरांशीं संबंध असलेले आहेत. जुन्नर किंवा कार्लें येथील लेणीं घाटवाटांच्या तोंडाशीं आहेत आणि तेथेंहि व्यापाऱ्यांचीं दानें आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे बांधवगडहि एखाद्या रुळलेल्या सार्थमार्गावर असला पाहिजे, हें अनुमान सहज निघतें. कौशांबीहून निघून दक्षिणेकडे जाणारा सार्थ जेथें मुक्काम करी, पाणी पिई व पावसांत अडकून राही, तेथें त्यानें आपल्या नांवाचें लेणें सोडलें.

दहाव्या शतकांत कलचुरि युवराजदेवाचा अमात्य गोल्लाक यानें याच गडावर मत्स्य, कूर्म, वराह इत्यादि अवतारांच्या मूर्ति खडकांत करविल्या. त्याचे लेख मिराशींनीं १९५५ सालीं कलचुरि लेखांच्या आपल्या महाग्रंथांत छापले आहेत. चरणगंगेच्या उगमाशीं असलेली, सुमारें दहा मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ति प्रवाशांस परिचित आहे. त्यानंतर वाघेल आले. त्यांच्या वीरभानु राजावर माधव कवीनें ‘वीरभानूदय’ हें संस्कृत काव्य रचलें. त्याच्या आधारें हीरानंद शास्त्री यांनीं १९२५ सालीं वाघेल घराण्याचा इतिहास लिहिला. वीरभानूचा पुत्र रामचंद्र, ज्याच्या दरबारांतून तानसेन अकबराकडे गेला. पुढें १५९७ सालीं सुमारें आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर गड मोंगलांच्या हातीं पडला, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीं राजधानी रेवास गेली.

पुराणवस्तुखात्यानें २०२२ सालीं येथें पुन्हा पाहणी केली. तींत २६ मंदिरें, २६ लेणीं, २ विहार, २ लहान स्तूप, २४ ब्राह्मी लेख, ४६ मूर्ति व १९ जलस्थानें यांची नोंद झाली. हे आंकडे मीं मुद्दाम दिले, कारण ते मोठ्यानें बोलतात. एकोणीस तळीं व टाकीं निर्मनुष्य रानांत कोणी खणीत नाहीं.

प्रवाशांस मात्र हें अरण्य अनादि म्हणून दाखविलें जातें. वाटाड्यानें मला सांगितलें, ‘‘गुरुजी, हे जंगल रामायणाच्या आधींपासूनचें आहे, लंकेहून परततांना श्रीरामांनीं हा गड भाऊ लक्ष्मणास दिला, म्हणून हा बांधवगड.’’ त्या श्रद्धेस बाध आणण्याचें मला कारण नाहीं. परंतु लेखांच्या साक्षीनें पाहिलें तर गडाच्या परिसरापुरतें तरी असें म्हणावें लागतें कीं, येथें माणसें आधीं होतीं आणि आजचें घनदाट रान मागाहून आलें. दुसऱ्या शतकांतील सार्थवाह, दहाव्या शतकांतील अमात्य, सोळाव्या शतकांतील दरबार, या सर्वांनंतर, राजधानी हालल्यावर, रानानें गड व्यापिला असावा. मग तेथें रेवाच्या राजांची राखीव शिकार झाली. त्या राजकुलांत १०९ वाघ मारणें शुभ मानीत असें सांगतात. त्याच घराण्यांतील मार्तंडसिंहांनीं १९५१ सालीं पांढऱ्या वाघाचा बच्चा धरून पाळला, आणि सतरा वर्षांनीं तें रान राखण्यास पुढाकार घेतला.

माझ्या मतावर एक आक्षेप संभवतो, तो मीच मांडतों. सार्थ अरण्यांतूनहि जात. आपल्या जुन्या कथांत अरण्यांत सांपडलेले सार्थ पदोपदीं भेटतात. म्हणून लेणीं आहेत एवढ्यावरून रान नव्हतें असें ठरत नाहीं. हें खरें. परंतु लेणीं, मंदिरें, विहार व एकोणीस जलस्थानें एकत्र घेतलीं तर मुक्कामापेक्षां वस्तीचेंच चित्र उभें राहतें. निर्णय मात्र कागदांनींच व्हावयास पाहिजे.

लेख पाहण्याची परवानगी मीं आधींच एका कचेरीकडे मागितली होती. ठरलेल्या मार्गाबाहेर पायीं जातां येणार नाहीं, असें उत्तर आलें. तें मला रुचलें नाहीं, पण चुकीचें म्हणवत नाहीं. लेण्यांच्या सावलींत वाघिणी पिलें घालतात आणि हत्ती कोणत्या वळणावर उभे असतील याचा नेम नाहीं. दुपारच्या फेरींत वाटाड्यानें वाहन क्षणभर थांबवून झाडींतून एक काळोखें तोंड दाखविलें. ‘‘आंत अक्षरें आहेत,’’ तो म्हणाला, ‘‘आमचे आजोबा म्हणत, तें बीजक आहे.’’ बीजक म्हणजे पुरलेल्या धनाची खूण. मीं विचारलें, ‘‘कोणी खणून पाहिलें काय?’’ तो हंसला आणि म्हणाला कीं, पूर्वीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. ज्या अक्षरांनीं कौशांबीच्या व्यापाऱ्याचें नांव अठराशें वर्षें धरून ठेविलें, तीं धनाच्या लोभानें पहारीखालीं गेलीं नाहींत ना, हें मला त्या तोंडापासून शंभर पावलांवर बसून कळण्यास मार्ग नव्हता. मग मीं त्याला भीमसेनाचें नांव सांगितलें, व्यापाऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यानें ती लक्षपूर्वक ऐकली आणि परततांना, दाराशीं येईपर्यंत, राजाचें नांव दोनदां विचारून पाठ केलें.

पावसाळ्यांत, जुलै ते सप्टेंबर, प्रवाशांस गाभ्याचें अरण्य बंद असतें. परंतु जन्माष्टमीस गडावरील राममंदिराच्या जत्रेसाठीं यात्रेकरूंस एक दिवस पायीं सोडण्याचा परिपाठ आहे. हत्तींमुळें त्यांतहि अडथळे येऊं लागले आहेत. वाघ पाहणाऱ्यांचे मार्ग नवे आहेत. या यात्रेकरूंची पायवाट जुन्या रस्त्याचा अवशेष असणें शक्य आहे.

म्हणून वाचकांस विनंति. नागपूर व जबलपूरकडून रेवा-मिर्झापूरच्या वाटेनें काशीप्रयागास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंच्या मजलांच्या याद्या, खर्चाचे ताळेबंद व पत्रें अनेकांच्या संग्रहीं असतील. १७९६ सालीं अली बहादराचा सरदार यशवंतराव नाईक रेवाच्या वाघेलांशीं लढतांना पडला. तो उत्तरेच्या बाजूनें आला होता, तरी त्या मोहिमेच्या कागदांतहि त्या मुलखाचें वर्णन असण्याचा संभव आहे. अशा कागदांत ‘बांधोगड’ किंवा ‘बांधव’ हें नांव, त्याच्या आसपासचीं मुक्कामाचीं गांवें, जकातीचीं ठाणीं, अथवा ‘झाडी’, ‘रान’, ‘वाघाचें भय’ असे उल्लेख आढळल्यास त्यांची नक्कल मूळ मोडी वळणासह मंडळाकडे पाठवावी. तसेंच, १९३८ नंतर कोणी तेथील लेखांचे ठसे घेतले असल्यास ते कितीहि अस्पष्ट असोत, कळवावें. दगडावरचीं अक्षरें आज कशीं आहेत याची तुलना करण्यास तेवढाच आधार आहे.